संस्थानी मुलखातील दाखले

देवासच्या टेकडीवर देवीची दोन स्थाने आहेत. एक थोरल्या मातेचे आणि दुसरे धाकट्या मातेचे. टेकडीवर उभे राहून खाली पाहिले म्हणजे एकच गाव दिसते. पण १९४८ साली संस्थाने विलीन झाली तोपर्यंत या एका गावात दोन राजे नांदत होते. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोघा भावांना १७२८ च्या सुमारास हा मुलूख मिळाला आणि पुढे देवासच्या दोन पाती झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन गाद्या, दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि गावातूनच जाणारी दोघांची हद्द! ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिला होता. त्याने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकामुळे देवासची ही दुहेरी राजवट जगभरच्या वाचकांना ठाऊक झाली. बाहेरच्यांना ती एक गंमत वाटली. देवासच्या माणसाला मात्र त्यात गंमत नव्हती. आपण कोणाची रयत, आपला सारा कोणत्या कचेरीत भरावयाचा, आपला तंटा कोणापुढे न्यावयाचा, हे त्याचे रोजचे प्रश्न होते.

देवासपासून पश्चिमेकडे, इंदूर ओलांडले म्हणजे धार लागते. तेथेही पवारांचीच गादी. त्याच कुळाची दुसरी शाखा. देवासच्या दोन्ही पातींनी १८१८ मध्ये आणि धारने १८१९ मध्ये इंग्रजांशी तह केला आणि तेव्हापासून ही तिन्ही संस्थाने एका दूरच्या साम्राज्याच्या छत्राखाली आली. तिन्ही राजांना पंधरा पंधरा तोफांची सलामी असे. राजा आपला, पण राजाच्या वर आणखी कोणी तरी आहे आणि तो फार दूर राहतो, ही जाणीव माळव्यातील मराठी माणसाच्या चार पाच पिढ्यांच्या अंगी मुरलेली होती.

या जाणिवेचा आणि येशू ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, शुभवर्तमानातील बहुतेक गोष्टी एका संस्थानातच सांगितल्या गेल्या. येशू हा एका लहानशा संस्थानची रयत होता, आणि त्याचे श्रोतेही संस्थानी प्रजाच होते.

ख्रिस्तचरित्र मराठी माणसाच्या परिचयाचे करून देण्याचा खटाटोप जुना आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने साष्टीतील लोकांसाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले. १९१९ मध्ये त्यांचा अंत झाला तेव्हा ते अपुरे होते, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. या मंडळींनी ती कथा ओवीच्या आणि पुराणाच्या वेषात आपल्या दारी आणली. ते थोर काम होते. पण त्या कथेचा मूळ वेष कोणता होता, तिच्या पहिल्या श्रोत्यांच्या कानांना ती कशी लागली असेल, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधताना धार आणि देवास यांचा इतिहास जाणणाऱ्या वाचकाच्या हाती एक किल्ली आपोआप येते.

ख्रिस्तपूर्व ४ या वर्षी यहुद्यांचा राजा थोरला हेरोद मरण पावला. तो राजा होता खरा, पण रोमच्या कृपेने. त्याच्या मृत्युपत्रात राज्याची वाटणी तीन मुलांत केलेली होती. तथापि रोमच्या कैसराची मान्यता मिळेपर्यंत त्या मृत्युपत्राला काहीच किंमत नव्हती. तेव्हा थोरला मुलगा अर्खेलाव रोमला गेला. त्याचा धाकटा भाऊ अंतिपा हाही आपला हक्क सांगावयास तेथे पोहोचला. आणि त्यांच्या पाठोपाठ, आम्हाला या घराण्याचा राजाच नको, असे सांगण्यासाठी यहुद्यांच्या पन्नास प्रतिनिधींचे शिष्टमंडळही रोमच्या दरबारी गेले. ही हकीकत योसेफस या पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकाराने सविस्तर लिहून ठेविली आहे. कैसर ऑगस्टसने सर्वांचे ऐकून घेतले आणि वाटणी केली. निम्मा मुलूख अर्खेलावाला मिळाला, पण 'राजा' ही पदवी मिळाली नाही. गालील प्रांत आणि यार्देन नदीपलीकडचा काही मुलूख अंतिपाला मिळाला, आणि ईशान्येकडचा प्रदेश फिलिप्पाला. त्या दोघांच्या पदव्या आणखी खालच्या.

गादी कोणाची हे राजधानीत ठरत नाही, समुद्रापलीकडे ठरते, याचा अनुभव धारनेही घेतला आहे. १८५७ च्या उठावात धारच्या किल्ल्यातील शिबंदी उठली. राजे आनंदराव त्या वेळी अल्पवयीन होते. इंग्रजांच्या फौजेने ऑक्टोबरमध्ये किल्ला घेतला आणि संस्थान खालसा केले. पुढे १८६० मध्ये ते आनंदरावांना परत मिळाले. बेरसिया परगणा मात्र भोपाळकडे गेला. मधल्या काळात धारच्या माणसाने काय केले असेल? त्याने वाट पाहिली असेल. आज कोणाची बाजू घ्यावी, उद्या कोण परत येईल आणि आल्यावर कोणाचा हिशेब कसा घेईल, याचा अंदाज बांधीत तो बसला असेल.

आता लूकच्या शुभवर्तमानातील मोहरांचा दाखला पाहावा. एक कुलीन मनुष्य राज्यपद मिळवून परत यावे म्हणून दूर देशी जातो. जाताना तो आपल्या दहा चाकरांना व्यापारासाठी एक एक मोहर देतो. त्याच्या नगरचे लोक त्याचा द्वेष करतात आणि हा आमच्यावर राजा नको असे कळविण्यासाठी त्याच्यामागे वकील पाठवितात. तो राज्यपद मिळवून परत येतो, चाकरांचा हिशेब घेतो आणि विरोधकांचा वध करवितो. प्रवचनात या दाखल्याचा उपयोग बहुधा, मिळालेल्या गुणांचा सदुपयोग करा, एवढे सांगण्यासाठी होतो. पण पहिल्या श्रोत्यांनी तो ऐकला असेल तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कोण उभा राहिला असेल? लूकने हा दाखला यरीहो नगराच्या प्रसंगाला जोडून दिला आहे, आणि यरीहोत अर्खेलावाने नव्याने बांधलेला राजवाडा होता. राज्यपदासाठी दूर देशी जाणे, मागून गेलेले शिष्टमंडळ, परत आल्यावरचे सूड, हे सारे त्या भागातील म्हाताऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले होते. आपल्याकडे एखाद्या कीर्तनकाराने नाव न घेता चालू जमान्याची गोष्ट सांगावी आणि श्रोत्यांनी एकमेकांकडे पाहावे, तसाच हा प्रकार.

अर्खेलावाचे पुढे काय झाले हेही त्या श्रोत्यांना ठाऊक होते. त्याचा कारभार इतका जुलमी झाला की इ. स. ६ मध्ये कैसराने त्याला पदच्युत करून गॉल देशात हद्दपार केले. त्याचा मुलूख, म्हणजे यरुशलेमसह यहूदीया, खालसा झाला आणि तेथे रोमचा सुभेदार आला. लगोलग जनगणना आणि सारा-आकारणी झाली, आणि तिच्याविरुद्ध यहूदा गालीलकराने बंड उभारले. अंतिपा मात्र गालीलात टिकून राहिला. त्याला राजा म्हणवून घेण्याची हौस होती. ती पुरी करून घेण्यासाठी इ. स. ३९ मध्ये तो रोमला गेला. पदवी तर मिळाली नाहीच, उलट होते तेही गमावून तो गॉलमध्ये हद्दपार झाला. तोफांच्या सलामीत एक दोन बार वाढावेत म्हणून संस्थानिकांनी केलेल्या खटपटी ज्यांच्या कानांवर आहेत, त्यांना अंतिपा परका वाटणार नाही. देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज राज्याची आर्थिक घडी विसकटल्यावर १९३३ च्या अखेरीस फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. त्यांचा स्वभाव आणि हेरोदाच्या मुलांचे स्वभाव यांत काहीच साम्य नाही. साम्य आहे ते परिस्थितीत. साम्राज्याच्या सावलीतील राजाला सिंहासन असते, पण त्याखालची जमीन दुसऱ्याची असते.

म्हणजे येशूच्या काळी गालील हा संस्थानी मुलूख होता आणि यहूदीया हा खालसा मुलूख. हा भेद ध्यानात ठेवला की शुभवर्तमानातील किती तरी तपशील उलगडतात. मत्तय जकातनाक्यावर बसलेला असताना येशूने त्याला हाक मारली, असे सांगितले आहे. हा नाका कफर्णहूमलाच का? कारण अंतिपाचा मुलूख जेथे संपतो आणि फिलिप्पाचा सुरू होतो त्या सरहद्दीजवळच ते गाव होते. माल इकडून तिकडे गेला की जकात द्यावी लागे. माळव्यात तर एका दिवसाच्या वाटेवर दोन तीन संस्थानांच्या हद्दी लागत. नाक्यावरच्या कारकुनाला लोक काय म्हणत आणि त्याच्या पंक्तीला बसणाऱ्याकडे कसे पाहत, याची कल्पना जुन्या माणसांना सहज येईल. जकातदाराच्या घरी येशू जेवला यावर एवढा गहजब का झाला, हे धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा नाक्यावर खोळंबलेल्या बैलगाड्याच अधिक चांगले सांगतात.

आणि शेवटच्या दिवशीचा तो प्रसंग! यरुशलेमात येशूला पंतय पिलात या रोमी सुभेदारापुढे उभे केले गेले. १९६१ मध्ये कैसरिया येथील उत्खननात पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला. तेव्हापासून त्याच्या अस्तित्वाला दगडाचीही साक्ष आहे. आरोपी गालीलकर आहे असे कळताच पिलाताने त्याला अंतिपाकडे पाठविले, कारण अंतिपा त्या वेळी सणासाठी यरुशलेमात आला होता. अंतिपाने थट्टा करून त्याला परत पाठविले. लूक सांगतो की त्यापूर्वी या दोघांत वैर होते, ते त्या दिवशी मिटले आणि ते मित्र झाले. दोन हद्दी, दोन कचेऱ्या. गरीब आरोपी इकडून तिकडे धाडला जातो आणि त्या धाडण्यात दोन अधिकाऱ्यांचा परस्पर मानसन्मान राखला जातो. आरोपीचे काय होते हा प्रश्न त्यात गौण ठरतो. ज्या गावात हद्द रस्त्यावरून जाते, त्या गावच्या माणसाला हा प्रसंग वाचून निराळे वाटल्याशिवाय राहणार नाही.

येथवर राजांचे झाले. आता रयतेचे पाहावयाचे. राजाच्या वर सम्राट असला की खर्च दोघांचाही रयतेलाच भरावा लागतो. अंतिपाने नासरेथपासून सहा किलोमीटरांच्या अंतरावरचे सेप्फोरिस हे नगर नव्याने बांधले आणि पुढे सरोवराच्या काठी सम्राटाचे नाव देऊन तिबिर्य हे दुसरे नगर वसविले. रोमची खंडणी, राजाचा सारा, मंदिराचा दशमांश, आणि एखाद्या वर्षी पाऊस चुकला की सावकाराचे दार. शुभवर्तमानात शेतमालक दूर राहतात, कारभारी हिशेब ठेवतात, कुळे खंड द्यावयास नाकारतात, आणि मजूर दिवस मावळेपर्यंत बाजारात कामाची वाट पाहत उभे असतात. एक दिनार ही त्यांची दिवसाची मजुरी. हे सर्व कर्जात बुडालेल्या खेड्यांचे चित्र आहे.

यहुद्यांच्या धर्मशास्त्रात यावर एक उपाय सांगितलेला होता. दर सातव्या वर्षी आपल्या बांधवाचे कर्ज सोडून द्यावे, अशी आज्ञा होती. पण सातवे वर्ष जवळ आले की सावकार कर्जच देईनासे झाले. तेव्हा हिल्लेल या थोर पंडिताने एक तोड काढली. सावकाराने आपले येणे न्यायसभेच्या स्वाधीन केले आहे असा लेख करावयाचा, म्हणजे सातव्या वर्षीही ते बुडत नाही. हेतू चांगला होता. गरिबाला कर्ज मिळत राहावे हाच त्यात उद्देश होता. पण परिणाम असा झाला की कर्ज मिळत राहिले आणि सुटका मात्र मिळेनाशी झाली. येशूच्या मृत्यूनंतर सुमारे छत्तीस वर्षांनी, इ. स. ६६ मध्ये, यरुशलेमात बंड उसळले तेव्हा बंडखोरांनी जे पहिल्याच दिवसांत जाळले त्यात कर्जखतांचे दप्तरखाना होते. सावकारांची खते नष्ट झाली म्हणजे ऋणको आपल्याला येऊन मिळतील, हा त्यांचा हिशेब योसेफसने नमूद केला आहे.

मराठी वाचकाला येथे सुप्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला, आणि त्यांना हवी होती ती कर्जखते. अमेरिकेतील यादवी संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, साऱ्याचा आकार वाढला होता, आणि शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांच्या खात्यावर चढत होत्या. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. ते शमल्यावर १८७९ मध्ये सरकारने दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. यरुशलेम आणि सुपे यांच्यामध्ये अठराशे वर्षांचे अंतर आहे. पण दोन्हीकडच्या जमावाला कागदाची भीती सारखीच वाटत होती आणि दोन्हीकडे आगही त्याच वस्तूला लागली.

अशा श्रोत्यांना येशूने अन्यायी कारभाऱ्याचा दाखला सांगितला. धनी कारभाऱ्याला कामावरून काढणार आहे. तेव्हा तो ऋणकोंना एकेक करून बोलावतो आणि त्यांचीच खते त्यांच्याकडून पुन्हा लिहवून घेतो; शंभर माप तेलाचे पन्नास, शंभर माप गव्हाचे ऐंशी. धनी या लबाडाची वाखाणणी करतो! या दाखल्याने कित्येक टीकाकारांना कोड्यात टाकले आहे. काही अभ्यासक असे सुचवितात की धर्माज्ञेप्रमाणे व्याज घेण्यास बंदी असल्यामुळे ते मुद्दलातच मिसळून लिहिले जाई, आणि कारभाऱ्याने वजा केला तो हा छपलेला भाग असावा. हे खरे असो वा नसो, दिलेल्यापेक्षा अधिक रक्कम खतावर मांडण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा दाखला ऐकून हसू आले असेल, हे निश्चित. आपले खत आपल्याच हाताने कमी करून लिहावयाचे, याहून गोड स्वप्न ऋणकोला कोणते पडणार?

परंतु या सर्व दाखल्यांत अधिक खोल जाणारा दाखला मत्तयने दिला आहे. एक राजा आपल्या चाकरांचा हिशेब घेऊ लागतो. त्याच्यापुढे दहा हजार टॅलेंटांचे देणे असलेला एक चाकर आणला जातो. त्याच्यापाशी फेडावयास काही नाही. तेव्हा तो, त्याची बायको, मुले आणि जे काही असेल ते विकून वसूल करा, असा हुकूम होतो. तो पाया पडतो, राजाला त्याची दया येते आणि सारे देणे माफ होते. बाहेर पडताच त्याला एक सोबतीचा चाकर भेटतो, ज्याच्याकडे त्याचे शंभर दिनार येणे आहे. तो त्याची नरडी धरतो आणि त्याला बंदीत टाकतो.

या आकड्यांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण दाखल्याचे मर्म त्यांतच आहे. एक टॅलेंट म्हणजे सहा हजार दिनार. योसेफसच्या हिशेबाप्रमाणे अंतिपाला आपल्या सगळ्या मुलखातून वर्षाकाठी दोनशे टॅलेंट उत्पन्न होते. म्हणजे त्या चाकराचे देणे अंतिपाच्या संस्थानच्या पन्नास वर्षांच्या वसुलाएवढे होते! घरच्या नोकराचे देणे एवढे होणे शक्य नाही. ऐकणाऱ्यांच्या मनात उभा राहिला असेल तो प्रांताचा वसूल मक्त्याने घेतलेला मोठा अंमलदार, मराठेशाहीच्या भाषेत इजारदार. आणि बायको विकण्याची ती शिक्षा यहुदी शास्त्रात बसणारी नव्हती. ती परक्या राजांच्या दरबाराची रीत होती. दुसऱ्या बाजूचे शंभर दिनार म्हणजे मजुराची शंभर दिवसांची कमाई. रक्कम लहान नाही, पण फिटण्याजोगी आहे. दोन देण्यांमध्ये सहा लाख पटींचे अंतर आहे.

गालीलातील शेतकऱ्याने हे ऐकले तेव्हा त्याला प्रथम काय वाटले असेल? वरचा माफी मिळवितो आणि खालच्याची नरडी दाबतो, हे तर त्याच्या रोजच्या अनुभवातले. राजाने इजारदाराला सूट दिली म्हणून ती सूट कधी शिवारापर्यंत पोहोचली आहे काय? या दाखल्यात नवल एकच आहे. वर दिलेली माफी खालपर्यंत पोहोचली की नाही, हे राजा विचारतो. आणि ती पोहोचली नाही असे कळल्यावर दिलेली माफी परत घेतो.

हे सारे देवाच्या क्षमेचे रूपक आहे, कर्जाशी त्याला काय करावयाचे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यात कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता. म्हणूनच प्रभूच्या प्रार्थनेच्या या ओळीत मत्तय 'ऋण' म्हणतो आणि लूक 'पाप' म्हणतो. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानणाऱ्या मराठी माणसाला हे समजावयास जड नाही. त्याच्याही भाषेत ऋण हे वहीतही असते आणि मनातही असते. ज्या गावात प्रत्येक दुसरा मनुष्य कर्जदार होता तेथे 'आमचे ऋण सोड' ही प्रार्थना म्हणताना दोन्ही अर्थ एकदमच ओठांवर येत असले पाहिजेत.

हे दोन्ही अर्थ माळव्यातच एकत्र आल्याचे एक उदाहरण अगदी अलीकडच्या काळातले आहे. वेठबिगारी रद्द करणाऱ्या १९७६ च्या कायद्यात देशातील वेठीच्या निरनिराळ्या नावांची यादी दिली आहे. तीत 'हाली' हेही नाव आहे. हाली म्हणजे कर्जापोटी धन्याच्या नांगराला बांधला गेलेला गडी. कायदा झाला, तरी कर्ज उरलेच. जुन्या दोन्ही पातींबाहेरचा मुलूखही सामावून घेणाऱ्या आजच्या देवास जिल्ह्यात उदयनगर म्हणून गाव आहे. तेथे १९९२ मध्ये राणी मारिया नावाची केरळातील एक साध्वी आली. भूमिहीन आणि आदिवासी लोकांना बचतीची सवय लावावी, सरकारी योजना आणि बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचवावे, म्हणजे सावकाराचे दार सुटेल, हे तिचे काम. ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांना ते रुचले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती बसने इंदूरकडे निघाली असता वाटेत नाचनबोरच्या टेकडीजवळ उतारूंच्या देखत तिला सुऱ्याने भोसकून मारण्यात आले. ती त्या वेळी एकेचाळीस वर्षांची होती.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियाची धाकटी बहीण, तीही साध्वीच, राखीपौर्णिमेच्या सुमारास इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्या मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. पुढे त्याची सुटका व्हावी म्हणून तिच्या घरच्यांनीही संमती दिली आणि २००६ मध्ये तो सुटला. त्यानंतर तो केरळात जाऊन राणी मारियाच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियाला 'धन्य' म्हणून घोषित करण्यात आले.

राखी बांधणे ही गालीलातील रीत नव्हे, माळव्यातील आहे. पण मत्तयच्या दाखल्यातील राजा ज्याची चौकशी करतो ती गोष्ट त्या तुरुंगात घडली. मिळालेली क्षमा खालपर्यंत पोहोचली. तरीही एक ध्यानात ठेवावयास हवे. धाकट्या बहिणीने खुनाचे ऋण सोडले, पण थोरली ज्यासाठी मेली ते वहीतले ऋण होते, आणि राखी बांधल्याने ते फिटत नाही. एकीने जे आरंभिले आणि दुसरीने जे केले, ती दोन्ही मिळून त्या प्रार्थनेची एक ओळ पुरी होते. नुसती क्षमा मागणारा मनुष्य त्या चाकरासारखा अर्धीच ओळ म्हणून दरबारातून बाहेर पडतो.

हेरोदाचे राजवाडे उत्खननात सापडलेल्या दगडांच्या रूपाने उरले आहेत. धार आणि देवास येथील गाद्यांचाही अंमल १९४८ मध्येच संपला. पुढे मध्य भारत आणि १९५६ पासून मध्य प्रदेश असे त्या मुलखाचे नाव बदलत गेले. राजे गेले, हद्दी पुसल्या, नाके उठले. कर्जखत तेवढे राहिले, कधी सावकाराच्या पेटीत, कधी दुसऱ्या कोणाच्या दप्तरात. म्हणून संस्थानी मुलखात सांगितलेले ते दाखले जुने झालेले नाहीत. त्यांतील हिशेबाचा दिवस अजून टळलेला नाही, आणि राजाने चाकराला विचारलेला तो प्रश्न, तुझ्यावर जशी दया झाली तशी तू केलीस काय, अद्याप उत्तराची वाट पाहत उभा आहे.